जॅकचा करार

महसूल खात्याच्या दप्तरात कबुलायती, करारनामे आणि जाबजबाब वाचण्यात ज्याची तीस वर्षे गेली, त्याला कोणत्याही कथेत आधी करार दिसतो; आणि म्हणूनच गेल्या सुटीत नातीच्या शेजारी बसून ‘पम्पकिन जॅक’ हा व्हिडिओ गेम खेळताना, भोपळ्याचे मस्तक धारण करणाऱ्या त्याच्या नायकाच्या विलक्षण रूपापेक्षा त्याने सैतानाशी केलेल्या सौद्यानेच माझे चित्त अधिक वेधून घेतले.

हा जॅक मूळचा आयरिश लोककथेतला. मद्याचे पैसे चुकवण्यासाठी त्याने सैतानाला नाण्याचे रूप घ्यायला लावले, ते नाणे क्रुसाशेजारी खिशात कोंडले, आणि आपल्या आत्म्यावर हक्क सांगणार नाही असे वचन घेऊनच त्याची सुटका केली. पुढे मृत्यूनंतर स्वर्गाने त्याला लबाडीबद्दल नाकारले. तो नरकाच्या दाराशी गेला, तर सैतानाने दिलेला शब्द तंतोतंत पाळला आणि त्याला आत घेतले नाही. करार मोडला गेल्यामुळे देशोधडीला लागलेली माणसे मी पुष्कळ पाहिली. करार पाळला गेल्यामुळे निराश्रित झालेला मात्र हा एकटाच. पदरी पडलेला एक निखारा पोखरलेल्या सलगमात ठेवून तो अंधारात भटकत राहिला, अशी ही कथा आहे. ३१ ऑक्टोबरच्या रात्री, हॅलोविनला, आयर्लंडात सलगम कोरून त्यात दिवा लावीत, आणि तेथील लोक अमेरिकेत जाऊन वसल्यावर तिकडे मुबलक मिळणारा, कोरायलाही सोपा असा भोपळा सलगमाच्या जागी आला.

निकोला मेसोनिए या फ्रेंच कलावंताने बहुतांशी एकट्याने घडवलेला आणि २०२० च्या ऑक्टोबरात, हॅलोविनच्या तोंडावर, प्रसिद्ध झालेला हा खेळ त्या भटक्याला नवा कौल देतो. राज्यातील शांततेला विटलेला सैतान भूमीवर अखंड रात्रीचा शाप आणतो, रयत एका जादूगाराला शरण जाते, आणि त्या जादूगाराचा पाडाव केल्यास जॅकला यातनेतून मुक्त करून परलोकी जाऊ देण्याचे सैतान कबूल करतो.

सैतानाची चाकरी करणारा नायक मुलांपुढे ठेवावा काय, ही शंका मला प्रथम सतावीत होती. परंतु खेळ जसजसा पुढे सरकला, तसतसे ध्यानात आले की, ज्याने हयातभर प्रत्येक देणे शब्दांच्या कसरतीने चुकवले, त्याला या खेळाने अशा मुलखात आणून सोडले आहे, जेथे शब्दाला मोलच उरलेले नाही. फळीवरून फळीवर, कड्यावरून कड्यावर उडी घेत मार्ग काढायचा, हा ‘प्लॅटफॉर्मर’ जातीच्या खेळांचा धर्म. आणि खड्ड्यापाशी ना वशिला चालतो, ना मुदतवाढीचा अर्ज.

खाणीतल्या रुळांवरून वेगाने धावणाऱ्या डब्यात बसून, पुढचा रूळ तुटलेला दिसताच उडी घ्यावयाची, अशा एका ठिकाणी मी कितीतरी वेळा पडलो. “आजोबा, लांबूनच उडी मारू नका. काठापर्यंत जाऊ द्या, मग मारा,” नात म्हणाली. तिच्या त्या सांगण्यात अनुभवाचे वजन होते, कारण तीही तेथेच पडत पडत शिकली होती. खेळ पडणाऱ्याची निर्भर्त्सना करीत नाही आणि त्याला सवलतही देत नाही. थोडे मागे नेऊन तोच खड्डा पुन्हा समोर ठेवतो. काठापर्यंत धीर धरून जेव्हा मी तो अखेर ओलांडला, तेव्हा नातीने माझा हात घट्ट दाबला, आणि लबाड जॅकला आयुष्यात प्रथमच एखादी गोष्ट स्वकष्टाने मिळाली, असे मला मनापासून वाटले.

सैतानाच्या चाकरीबद्दलची माझी हरकत मी मागे घेतलेली नाही. पण नातीशी त्या हरकतीविषयी बोलता आले, ते मी तो खेळ तिच्याबरोबर खेळलो म्हणूनच. ज्यांच्या घरी असे खेळ खेळणारे मूल आहे, त्या वडीलधाऱ्यांना माझी विनंती आहे की, त्यांनी एकदा त्याच्या शेजारी बसावे, एक तरी खड्डा स्वतः ओलांडून पाहावा, आणि मगच आपले मत द्यावे. न वाचलेल्या कागदावर शेरा मारू नये, हा दप्तराचा नियम येथेही लागू आहे.