गाडीलाही थंडी वाजते!

गेल्या पौषातली गोष्ट. वडिलांनी १९८६ साली घेतलेली आमची प्रीमियर पद्मिनी नाशिकच्या थंडीत काही केल्या सुरू होईना. मी चोक पूर्ण ओढला, चावी फिरवली आणि एकदाचे इंजिन धडधडताच ॲक्सिलरेटर दाबून त्याला चांगले डरकाळायला लावले. कॉलेजात ८ चा तास होता ना!

खिडकीतून वडील ओरडले, "अरे, झोपेतून उठलेल्या म्हाताऱ्याला कोणी पळायला लावतं का?"

संध्याकाळी चहाबरोबर त्यांनी माझाच तास घेतला. रात्रभरात तेल खाली चेंबरमध्ये उतरते आणि थंडीने घट्ट होते. ते वर पोचायला काही सेकंद लागतात. तेवढ्यात इंजिन जोरात फिरवले की आतले भाग कोरडेच घासतात. चोक फार वेळ ओढलेला राहिला, तर जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन नेते. म्हणून अर्धा-एक मिनिट थांबावे, चोक हळूहळू आत सारावा आणि पहिले दोन-तीन किलोमीटर सबुरीने जावे. उभ्या गाडीत पाव तास इंजिन चालू ठेवणेही व्यर्थच. तेलाच्या डब्यावर '२०डब्ल्यू-५०' असते, त्यातला डब्ल्यू म्हणजे हिवाळा. त्याआधीचा आकडा जितका लहान, तितके तेल थंडीत वाहते राहते. मराठीच्या मास्तराला हा अर्थ चाळिशीत कळला!

वडील आता गाडी चालवीत नाहीत. पण सकाळी चावी फिरली की खिडकीशी येऊन कान देतात. मी अर्धा मिनिट थांबतो. ते मान हलवतात; मग मी निघतो.