गृहसंवाद : दोरीवरचें मांजर

मुळशी तालुक्यांतील माण या गांवापर्यंत हिंजवडीची संगणक-वसाहत पसरली, आणि शेतांशेजारीं उंच इमारती उभ्या राहिल्या. तेथें एका स्नेह्यांकडे आम्ही गेलों असतां घरांत मांजरावरून वाद चालला होता. सूनबाई रोज सायंकाळीं त्यास दोरी लावून आवारांत फिरवीत. आदल्या दिवशीं फाटकापाशीं कुत्रा भुंकला, मांजर बिथरलें, सूनबाईंनीं तें उचलण्यास हात घालतांच त्यानें मनगटास कडकडून चावा घेतला. "कृतघ्न जनावर घरांत नको," असा आजींनीं निकाल दिला होता, आणि नातवंडें रडवेलीं झालीं होतीं.

आमच्या मतें हा कृतघ्नपणा नव्हे. भय वाटलें कीं मांजर प्रथम पळूं किंवा दडूं पाहतें. दोरीनें नेमकी तीच वाट बंद होते. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञानें मांजरांवर प्रयोग करून १९१५ सालच्या आपल्या ग्रंथांत दाखविलें कीं, भय आणि क्रोध या दोहोंत शरीराची सिद्धता एकच असते : हृदय वेगानें चालतें, केस उभे राहतात, पचन मंदावतें. पळणें अशक्य झालें कीं तीच सिद्धता लढण्याकडे वळते. आणि शत्रु आटोक्याबाहेर असला, तर जवळचा हातच शत्रु ठरतो.

याची सूचना मांजर आधीं देतें. कान मागें पडतात, बुबुळें विस्तारतात, अंग जमिनीशीं चिकटतें, शेंपटी आपटूं लागते. त्या वेळीं दोरी ओढूं नये, उचलूं नये, मारूं तर नयेच. सोबत झाकणाची टोपली न्यावी, म्हणजे दडावयास जागा मिळते. घरीं आल्यावर त्यास कांहीं तास एकांतांत राहूं द्यावें. दोरी गळ्यास न बांधतां छातीभोवतींच्या पट्ट्यास लावावी, आणि तो पट्टा आधीं कांहीं दिवस घरांतच अंगवळणीं पाडावा.

चावा मात्र क्षुल्लक मानूं नये. हळद भरून स्वस्थ न बसतां जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें १५ मिनिटें धुवावी, आणि त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जाऊन रेबीजच्या लशीविषयीं विचारावें. मांजरासही ती लस वेळेवर टोंचून घ्यावी.

आजींनीं सर्व शांतपणें ऐकून घेतलें. मग म्हणाल्या, "मांजर राहूं दे. दोरी तेवढी महिनाभर खुंटीवर टांगा. आणि सूनबाई, तूं आधीं डॉक्टरांकडे जाऊन ये."