कारवानांची फेरी आणि वैद्यांचे कर्तव्य
साताऱ्यातील माण-खटाव आणि सांगलीतील जत-आटपाडीच्या माळांवर कारवान श्वानांचे पालक सामुदायिक फेऱ्या काढतील, तर आम्ही त्यांचे स्वागतच करू. (मुधोळ हाउंड या नावाने याच श्वानाचे टपाल तिकीट २००५ साली निघाले.) हेमंतातील अर्धशक्ती व्यायाम वाग्भटसंमतच आहे. ससा दिसताच साखळी सोडण्याची जुनी हौस मात्र १९७२ च्या कायद्याने गुन्हा ठरते.

रेबीज लसीचा दाखला नसलेल्या श्वानास फेरीत प्रवेश नसावा. जलत्रास हे अरिष्टलक्षण असल्याचे सुश्रुताचार्यांनी कल्पस्थानात सांगितले आहे. तरीही श्वानदंशावर चूर्ण-लेप देऊन भागवणारे आढळतात. हे आम्हांस सर्वथा अमान्य आहे. जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि रुग्णास त्याच दिवशी लसीसाठी शासकीय रुग्णालयात पाठवावे. औषधालयांच्या मालकांनीही गल्ल्यावरून पुडी देऊ नये.