मेलेल्या शेळीची राखण

पाटोदा तालुक्यातल्या एका वाचकाने गेल्या महिन्यात फोटो पाठवला. माळावर टाकलेली बाज, बाजेवर घोंगडी पांघरून बसलेला तरुण, हातात बॅटरी, आणि चार पावलांवर ताडपत्रीखाली झाकलेलं काहीतरी. ताडपत्रीच्या कोपऱ्यांवर दगड. खाली एकच ओळ लिहिलेली: 'जिवंत होती तेव्हा एक रात्र राखली नाही, मेल्यावर दोन रात्री राखतोय.'

ताडपत्रीखाली गाभण उस्मानाबादी शेळी होती. शनिवारी पहाटे गेली. वनरक्षक संध्याकाळी येऊन पाहून गेले. पशुवैद्यकीय अधिकारी सोमवारी येणार होते. तोवर शव जागेवरून हलवायचं नाही, हा नियम. आणि तिथंच ठेवलं तर गावची कुत्री रात्रीत फडशा पाडणार. मग सोमवारी पंचनामा करायचा कशाचा, दगडांचा?

हा तरुण पुण्यातली नोकरी सोडून टाळेबंदीत गावी आला आणि राहिला. आपल्या वाचकांत असे आता बरेच आहेत. त्यांची चेष्टा करायची एक खोड आपल्यातल्या जुन्यांना लागली आहे; ती बरी नाही. पीपीआरच्या लशीची तारीख या मुलांच्या मोबाइलमध्ये असते, मुरघासाचा हिशोब किलोवर असतो, जंतनाशक वजन करून पाजतात. आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी चुकवून मग करडं पटापट मेली म्हणून आम्हाला फोन करणारे बहुतेक पिढीजात शेळीवालेच असतात. नवखे कमी पडतात ते एकाच बाबतीत. रात्र त्यांच्या प्रकल्प अहवालात नसते.

फोटो पाहून मी तिकडे गेलो. शेड देखणं आहे. जमिनीपासून उचललेला मचाण, प्लास्टिकच्या फळ्या, खाली लेंड्या गोळा व्हायला उतार, पाण्याला निपल. सभोवती पाच फूट साखळी जाळी. दोन कॅमेरे, दोन्ही फाटकाकडे तोंड करून, कारण मालकाला भीती चोरांची. जनावर आलं मागून, ओढ्याच्या अंगाने. जाळीचा खालचा काठ नुसता जमिनीवर टेकवलेला. तिथे मुरूम भुसभुशीत होता. वीतभर उकरलं की काम झालं. त्या रात्री एक शेळी मेली, दोन जखमी झाल्या, दीड महिन्याचं एक करडू गेलं. रेकॉर्डिंगमध्ये काय दिसलं? फाटक. रात्रभर, स्वच्छ, न हलणारं फाटक.

शेजारच्या पडीक रानात मेंढरांचा वाडा उतरला होता. त्यातले एक म्हातारे उठून आले, जाळीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "लेकरा, ही जाळी तू बाहेरच्यांला अडवायला लावली का आतल्यांला पळू नये म्हणून? आतल्यांसाठी झकास हाय." पोरगा ओशाळून हसला. "आबा, तुमच्या वाघरीला तर सुतळीशिवाय काहीच नाही," तो म्हणाला. आबांनी उत्तर दिलं नाही, वाड्याकडे हात केला. वाघरीच्या चारी अंगांना चार अंथरुणं पडली होती, मधोमध राखेचा ढीग, आणि गळ्यात खिळ्यांचे पट्टे घातलेली दोन कुत्री आमच्याकडे पाहत उभी होती. (वाघर या शब्दाचा वाघाशी काही संबंध नाही, वागुरा म्हणजे जाळं.) वाघर लांडग्याला अडवत नाही. अडवतात ती माणसं आणि ती कुत्री.

असो. राखणीचं पुढे बोलू. आधी कागदाचं, कारण या तीन महिन्यांत आलेल्या पत्रांत निम्मं रडगाणं कागदाचंच आहे, आणि ते खोटं नाही.

वन्यप्राण्याने शेळी-मेंढी मारली तर बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा १५,००० रुपये, यांतली कमी असेल ती रक्कम. २०२२ मध्ये मर्यादा १०,००० वरून १५,००० झाली म्हणून आपण टाळ्या वाजवल्या होत्या. बारा हजारांच्या गाभण शेळीचे नऊ हजार हातात येतात. पोटातली जुळी धरत नाहीत. चाळीस-पन्नास हजारांचा बीटलचा पैदाशीचा बोकड गेला तरी पंधराच. पण रकमेवर आज मला भांडायचं नाही. भांडण आहे ते त्या रकमेपर्यंत पोहोचायच्या वाटेवर.

अट पहिली, ४८ तासांत कळवा. ठीक. अट दुसरी, शव हलवू नका. अट तिसरी, पशुवैद्यकाने पाहून किंमत ठरवली पाहिजे. तिन्ही अटी एकेकट्या शहाण्या आहेत. एकत्र आल्या की त्यांतून तो बाजेवर बसलेला तरुण तयार होतो. मदतीचे क्रमांकही पाहा. वनखात्याचा १९२६, फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा १९६२. तेच चार आकडे, उलटसुलट. मध्यरात्री दोन वाजता, रक्त लागलेल्या हाताने, माणूस कुठला लावेल? एका वाचकाने वनखात्याला जखमी शेळीला टाके कसे घालायचे ते विचारलं आणि पशुवैद्यकाला सांगितलं की पिंजरा घेऊन या. दोन्हीकडून त्याला सौजन्याने दुसरा नंबर देण्यात आला.

त्यात जून २०२४ पासून कानातल्या बिल्ल्याची अट आली. बारा अंकी बिल्ला नसेल तर वन्यप्राण्याच्या हल्ल्यात मेलेल्या जनावराची भरपाई नाही. हेतू चांगला, एकाच मेलेल्या शेळीवर तीन घरांनी पैसे उचलल्याचे किस्से आपल्यालाही माहीत आहेत, कानावर हात ठेवू नका. पण लांडगा न्यायला निवडतो काय? करडू. महिन्याभराच्या करडाच्या कानात बिल्ला कोण मारतो? आणि नेलं तर ते नेतो, तिथं ठेवून जात नाही. म्हणजे बिल्ला नाही, शव नाही, पंचनामा नाही. सरकारी कागदावर ते करडू मेलंच नाही. जन्मलं होतं की नाही याचाही पुरावा नाही. उलट मोठी शेळी मारली तर कुत्री आधी कान आणि शेपूट ओरबाडतात. बिल्ला गवतात शोधत बसायचं. आमच्या एका सभासदाने तो शोधला, धुतला, पिशवीत घालून नेला. त्याला सांगण्यात आलं की बिल्ला कानात असायला हवा होता.

आणि सगळ्यांत मोठा घोळ पुढेच आहे. लांडग्याने मारली तर भरपाई. कुत्र्याने मारली तर नाही, कारण कुत्रा वन्यप्राणी नाही. कायद्याच्या पुस्तकात हे बरोबर आहे. माळावर पहाटेच्या वेळी लांडग्याचा पंजा आणि मोठ्या गावठी कुत्र्याचा पंजा वेगळा ओळखायचा कसा, हे कोणी एकदा बीडला येऊन शिकवावं. शंका आली की कागदावर 'श्वान' लिहिणं सोपं. लिहिणाऱ्याला जाब नाही आणि मालकाला अपील कुठे करायचं ते ठाऊक नाही. हा प्रश्न पंज्यापेक्षा जखमेवरून सुटतो, आणि जखम वाचायला पशुवैद्यक वेळेवर लागतो. गळ्यावर खोल, मोजके दात आणि शव ओढत नेल्याचा माग दिसला तर बिबट्याचा संशय घ्या. पुठ्ठ्याला, पोटाला लचके तोडून पोटाकडून खाल्लेली असेल तर लांडग्याचा. कान, पाय, शेपटी जागोजागी फाडून, चार-पाच जनावरं लोळवून, खाल्लेलं मात्र थोडंच, हा बहुतेक वेळा कुत्र्यांचा प्रताप. हे दुसऱ्या दिवशी ऊन चढेपर्यंत दिसतं. तिसऱ्या दिवशी सगळ्या जखमा सारख्याच दिसतात.

डिसेंबर २०२५ मध्ये नागपूरच्या अधिवेशनाच्या वेळी वनमंत्री गणेश नाईक यांनी बिबटे वस्तीत येऊ नयेत म्हणून जंगलात कोटभर रुपयांच्या शेळ्या सोडण्याची कल्पना मांडली होती. या मासिकाच्या वाचकांनी त्यावर हसून घेतलं. मला मात्र एकच शंका छळते. त्या सरकारी शेळ्यांच्या कानात बिल्ला असणार का? आणि सोडल्यावर पंचनाम्याला रविवारी कोण जाणार?

आता आपल्याकडे वळू, कारण अधिकाऱ्यांना शिव्या देणारं संपादकीय लिहिणं फार सोपं असतं.

कुत्री का वाढली? व्यायल्यावर पडलेली जार आणि मेलेली करडं ओढ्यात कोण फेकतं? खड्डा खणून चुना टाकून पुरायला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास वाचवणारे सभासद या अंकाची वर्गणी भरतात, मी त्यांना नावानिशी ओळखतो. कुत्र्याला मटणाची चव आपणच लावतो, त्याच वासावर लांडगा येतो, आणि मग वनखात्याच्या नावाने बोंब.

त्याहून वाईट, मेलेल्या शेळीला थायमेट लावून ठेवणारे. दोन पत्रांत हा 'उपाय' मोठ्या ऐटीत लिहून आला आहे. दोन्ही पत्रं छापलेली नाहीत, छापणार नाही. लांडगा अनुसूची एकमधला प्राणी आहे. गुन्हा शाबीत झाला तर तीन ते सात वर्षं. शिवाय भरपाईच्या नियमातच आहे की शव पडलं त्या जागेच्या दहा किलोमीटरच्या परिघात सहा दिवसांत एखादा वन्यप्राणी मेलेला नसावा. म्हणजे तुमच्या थायमेटने शेजारच्या तीन गावांचे पैसे बुडतात. देशात लांडगे आज वाघांपेक्षाही कमी उरलेत, तीन हजारांच्या आसपास. नायगाव मयूर अभयारण्याच्या कडेने ज्यांची मेंढरं चरतात त्यांना हे सांगायला नको. त्यांतले काही जुने मेंढके वर्षाकाठी गेलेल्या एखाद्या कोकराला 'त्याचा वाटा' म्हणतात. नव्या माणसाने कर्ज काढून शेड उभं केलेलं असतं, त्याने इतकं उदार व्हावं असं मी म्हणणार नाही. त्याने जाळी पुरावी, एवढंच.

कारण करायचं ते फार नाही. साखळी जाळी दीड फूट जमिनीत, किंवा बाहेरच्या बाजूला दीड-दोन फूट आडवी वळवून तिच्यावर दगड. उकरणारं जनावर जाळीच्या मुळाशीच उकरतं, दोन फूट मागे सरून उकरायची अक्कल त्याला सहसा सुचत नाही. हे लांडग्या-कुत्र्यासाठी. बिबट्यासाठी वरून छत लागतं. पाच फुटांची उघडी भिंत म्हणजे त्याच्यासाठी आत यायची पायरी; आत कोंडलेल्या जनावरांत घुसला की तो एकावर थांबत नाही. २०२० च्या नोव्हेंबरात आष्टी तालुक्यात सुरुडी, किन्ही, पारगाव जोगेश्वरी इथे माणसं गेली, तेव्हा सगळ्या तालुक्याने गोठे रातोरात बंद करून घेतले होते. १८ डिसेंबरला करमाळ्याच्या बाजूला तो बिबट्या गोळी घालून मारला गेला, आणि पुढच्या उन्हाळ्यात 'वारं लागत नाही' म्हणून तेच पत्रे पुन्हा काढले गेले. गेवराई, माजलगावकडे गोठ्याला लागून ऊस उभा असेल तर वारा कमी लागला तरी चालेल.

कुत्र्याबद्दल. नव्यांपैकी काहींनी शहरातून महागडी कुत्री आणली आहेत आणि ती साखळीला बांधून ठेवली आहेत. बांधलेला कुत्रा राखण करत नाही, बिबट्याला आवतण देतो. राखणीचा कुत्रा डोळे उघडल्यापासून शेळ्यांत वाढला पाहिजे, जोडीने पाहिजे, मोकळा पाहिजे आणि गळ्यात खिळ्यांचा पट्टा पाहिजे. नामिबियात चित्त्यांपासून शेळ्या वाचवायला एका संस्थेने १९९४ पासून तुर्की जातीची पिल्लं पशुपालकांना वाटली, ती शेळ्यांतच वाढवली. तिकडच्या त्या प्रयोगावर लेख निघतात. आपल्याकडे हेच काम वाड्यावर पिढ्यानपिढ्या चालू आहे, त्याचा लेख कोणी लिहीत नाही, कारण लिहिणारा वाड्यावर रात्री थांबत नाही. नव्यांनो, पिल्लू मेंढक्याकडून मागून आणा. पैसे घेणार नाहीत. ज्वारीचं पायलीभर धान्य न्या, आणि एक रात्र तिथेच झोपा.

आणि सर्वांनी बिल्ले मारून घ्या. अट अन्यायाची आहे, तिच्याविरुद्ध आपण भांडणारही आहोत, पण भांडण संपेपर्यंत शेळ्या बिनबिल्ल्याच्या ठेवायच्या हा काही सत्याग्रह नाही. जिवंत असताना प्रत्येक शेळीचा कान दिसेल असा फोटो काढून ठेवा. हल्ला झाला की ताडपत्री टाकण्याआधी गळा, पुठ्ठा, पोट आणि जमिनीवरचा माग यांचे फोटो घ्या, बाजूला काडेपेटी ठेवून, म्हणजे आकार कळेल. १९२६ आधी, १९६२ नंतर. शेडच्या दारावर चुन्याने लिहून ठेवा.

ज्यांचे प्रस्ताव नाकारले गेले, त्यांनी नाकारल्याच्या कागदाची झेरॉक्स आमच्याकडे पाठवावी. 'श्वान', 'बिल्ला नाही', 'शव आढळले नाही' अशी कारणाची ओळ वाचता यावी एवढं पाहा. नाव, गाव झाकलं तरी चालेल. करडू नेलं म्हणून ज्यांचा कागदच तयार झाला नाही, त्यांनी कोऱ्या कागदावर तारीख, वेळ, करडाचं वय आणि कोणाला किती वाजता फोन केला ते लिहून सही करावी. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांनी कोपीवरून गेलेल्या शेळ्यांचंही लिहावं. जिल्हा कुठलाही असो. पंचवीस कागद झाले की आपण जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊ. आज सकाळपर्यंत सात आलेत.