जुनी रेसिंग सायकल घेऊन पोखरी घाट चढता येईल का? विंटेज रोड बाइकच्या मागणीमागचं तंत्र आणि गणित

जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर झाली आणि आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाच्या २.२ दर्जाची शर्यत पहिल्यांदाच आपल्या जिल्ह्याच्या रस्त्यांवर धावली. चार टप्पे, ४३७ किलोमीटर. मुळशी, मावळ, पुरंदर, बारामती या बाजूचे रस्ते त्यासाठी नव्याने गुळगुळीत केले गेले. तळेघर-भीमाशंकरकडे शर्यत वळली नाही, पण तिचा परिणाम इकडेही जाणवतो. शनिवार-रविवारी मंचर, घोडेगाव, डिंभे करत पोखरी घाट चढणारे सायकलस्वार बघितलेत तर कार्बनच्या महागड्या सायकलींमध्ये एखादी बारीक नळ्यांची, वाकड्या हँडलची, गिअरचे दांडे फ्रेमच्या खालच्या नळीवर असलेली जुनी लोखंडी सायकल दिसते. चहाच्या टपरीवर थांबल्यावर लोक कार्बनवाल्याला सोडून याच सायकलभोवती जमतात.

या जुन्या सायकलींना आता भाव येतोय. ओएलएक्सवर, फेसबुक मार्केटप्लेसवर, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'विंटेज' हा शब्द लावला की कोणतीही गंजकी सायकल दुप्पट किमतीला टाकली जाते. घ्यायची की नाही, घेतली तर चालवता येईल का, आणि सुटे भाग कुठून आणायचे, हे तीन प्रश्न सगळेच विचारतात. पण त्याआधी एक चौथा प्रश्न येतो: आपल्याकडे असल्या सायकली इतक्या कमी का आहेत?

पुणे म्हणजे सायकलींचं शहर, हे आपण लहानपणापासून ऐकतो. कर्वेनगरातलं विक्रम पेंडसे सायकल्सचं संग्रहालय बघितलं की ते पटतंही. मुंबई-पुणे सायकल शर्यत, खंडाळ्याचा घाट आणि 'घाटाचा राजा' हा किताब जुन्या पिढीला अजून आठवतो. पण शहरभर ज्या सायकली होत्या त्या हीरो, अ‍ॅटलस, हर्क्युलिस, बीएसए, रॅले. बहुतेक दुधाच्या किटल्या आणि डबलसीट पेलणाऱ्या, एका गिअरच्या. रेसिंगची सायकल हा वेगळाच प्राणी. तिचे चांगले भाग इटली, फ्रान्स, इंग्लंड आणि नंतर जपानमध्ये बनत. उपभोग्य वस्तूंच्या आयातीवरचे परवान्याचे निर्बंध पूर्णपणे उठले ते २००१ मध्ये. म्हणजे युरोपात जेव्हा घरोघरी दहा गिअरच्या सायकली येत होत्या, त्या सत्तर-ऐंशीच्या दशकांत आपल्याकडे त्या कुणाच्या तरी ओळखीने, परदेशातून येणाऱ्याच्या सामानातूनच यायच्या. फायरफॉक्ससारखी कंपनी आली ती २००५ ला. तोपर्यंत तो काळ संपून गेला होता.

त्यामुळे इंग्लंडमधल्या एखाद्याला गल्लीतल्या गॅरेजमध्ये जी सायकल मिळते ती आपल्याला मिळत नाही. आपल्याकडच्या किमती वाढल्यात त्या मुळात पुरवठा नाही म्हणून. शर्यतीने फक्त त्यावर तेल ओतलं.

मग परदेशातून मागवू या का? इथे बरेच जण अडकतात. विदेश व्यापार धोरणानुसार यंत्रसामग्री सोडून इतर वापरलेल्या वस्तूंची आयात 'निर्बंधित' गटात मोडते, म्हणजे परवानगी लागते. नव्या भागाचं पार्सल कस्टम भरून येतं, पण ऐंशीच्या दशकातला वापरलेला डिरेलर कुरिअरने मागवला तर तो कस्टममध्ये अडकून बसू शकतो आणि विक्रेता पैसे परत देईलच असं नाही. नातेवाइकांच्या बॅगेतून येणारा भाग हाच अजून खरा मार्ग आहे. पन्नास वर्षांत यात फारसा बदल झालेला नाही, हे जरा गंमतशीरच आहे.

दुसरीकडे, २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या सायकली आणि त्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. याचा जुन्या सायकलवाल्याला थेट फायदा असा की चेन, फ्रीव्हील, ब्रेकचे रबर, केबल यांचा खर्च थोडा उतरला. आणि जुनी सायकल रस्त्यावर आणायला खर्च होतो तो नेमका याच गोष्टींवर.

'विंटेज' म्हणजे नक्की काय?

कायद्यात व्याख्या नाही. इटलीतल्या गायोले गावात १९९७ पासून 'लेरोइका' नावाची जुन्या सायकलींची राइड होते. तिचा नियम जगभर ढोबळमानाने मानला जातो: सायकल १९८७ च्या आधीची, गिअरचे दांडे खालच्या नळीवर, ब्रेकच्या केबल हँडलवरून उघड्या आलेल्या, पायडलला पट्ट्याचे टो-क्लिप.

हे वर्ष उगाच निवडलेलं नाही. १९८४ मध्ये शिमानोने 'टक' आवाजाने बसणारे गिअर आणले, म्हणजे दांडा एक खाच सरकला की चेन बरोबर पुढच्या दात्यावर. त्याआधी गिअर अंदाजाने सरकवावा लागे, कानाने ऐकून. पुढे १९९० च्या सुमारास गिअर ब्रेकच्या लिव्हरमध्येच आले आणि सगळे भाग एकमेकांशी जुळलेल्या संचातच चालू लागले. जुन्या अंदाजाच्या गिअरची खरी ताकद इथे आहे: कोणत्याही कंपनीचा दांडा, कोणत्याही कंपनीचा डिरेलर, पाच-सहा-सात कितीही दातेचक्रं, जोडा आणि चालवा. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर ही 'ओपन' व्यवस्था होती. आजच्या इलेक्ट्रॉनिक गिअरला बॅटरी, अ‍ॅप आणि कंपनीचाच सुटा भाग लागतो.

विकत घेताना वय कसं ओळखायचं? शिमानोच्या भागांवर मागच्या बाजूला दोन इंग्रजी अक्षरं कोरलेली असतात. पहिलं अक्षर वर्ष, दुसरं महिना. 'ए' म्हणजे १९७६, तिथून पुढे मोजत जा. 'केसी' असेल तर मार्च १९८६. झेडनंतर २००२ ला पुन्हा 'ए' सुरू झालं, म्हणून भागाची ठेवणही बघावी लागते. कॅम्पानोलोच्या नुओव्हो रेकॉर्ड डिरेलरवर तर 'पेटंट-७७' असं सरळ वर्षच असतं. विक्रेत्याकडे या खुणांचा जवळून काढलेला फोटो मागा. तो टाळाटाळ करत असेल तर सोडून द्या.

फ्रेमचंही तसंच. रेनॉल्ड्स ५३१ चा स्टिकर कुणीही छापून लावू शकतो. सीट वर करा, सीटची नळी बाहेर काढा आणि व्हर्नियरने जाडी मोजा. २७.२ मिलिमीटर किंवा त्याच्या आसपास आली तर फ्रेमच्या नळ्या पातळ आणि चांगल्या असण्याची शक्यता मोठी. २५.४ आली तर तो बहुधा साधा जाड पाइप आहे, स्टिकर काहीही म्हणो.

आता घाटाचं गणित

जुनी सायकल जड असते म्हणून घाटात त्रास होतो, असं बहुतेकांना वाटतं. हिशोब करून बघू. चांगली जुनी स्टीलची रोड बाइक १०-११ किलो, आजची मध्यम किमतीची ८ किलो. स्वार आणि सायकल मिळून ८० किलो धरले तर तीन किलोचा फरक म्हणजे चार टक्क्यांहून कमी. खरी अडचण गिअरची आहे.

त्या काळच्या रेसिंग सायकलला पुढे ५२ आणि ४२ दात, मागे १४ ते २४. सगळ्यात हलका गिअर ४२ भागिले २४, म्हणजे १.७५. चाकाचा घेर साधारण २.१ मीटर, म्हणजे पायडलच्या एका फेरीत सायकल ३.६८ मीटर पुढे जाते. मिनिटाला निदान ६० फेऱ्या मारल्या नाहीत तर गुडघे बोलायला लागतात. ६० फेऱ्या म्हणजे ताशी १३ किलोमीटर. सात टक्क्यांच्या चढावर हा वेग ठेवायला सुमारे २२० वॉट लागतात. रोज सराव करणाऱ्या तरुणाला ते अर्धा तास जमेल. पन्नाशीच्या, आठवड्यातून एकदा सायकल काढणाऱ्या माणसाला नाही.

आजच्या सायकलवर पुढे ३४, मागे ३२. एका फेरीत २.२३ मीटर, ६० फेऱ्यांना ताशी ८ किलोमीटर, लागणारी ताकद साधारण १३० वॉट. तोच माणूस, तोच घाट, गप्पा मारत वर. जुन्या काळचे शर्यतपटू आपल्यापेक्षा खूप ताकदवान होते हे खरंच, पण त्यांना दुसरा गिअर मिळत नव्हता हेही तितकंच खरं.

यावर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे. इंग्लिश आट्यांची, म्हणजे १.३७ इंच आणि इंचाला २४ आट्यांची, स्क्रूवर बसणारी फ्रीव्हील आजही नवी मिळते, १४ ते २८ दातांची. जुन्या हबवर ती बसते. फ्रेंच हब असेल तर मात्र आटे वेगळे, जबरदस्ती केली तर हब गेला. पुढचं दातेचक्र ३८ चं बसवता आलं तर लागणारी ताकद १७० वॉटच्या आत येते. जुन्या कॅम्पानोलो क्रँकला मात्र ४१ च्या खाली जाता येत नाही, बोल्टच्या वर्तुळाचा व्यास आड येतो. अशा वेळी मी तरी तो क्रँक काढून कपाटात ठेवीन आणि जपानी लावीन. शुद्धतावादी रागावतील. रागावू द्या, घाट त्यांना चढायचा नाहीये.

टायरचा घोळ

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. रेसिंग सायकलच्या चाकाला ७००सी म्हणतात, आणि नव्या टायरवर त्यालाच '२८ इंच' असंही छापलेलं असतं. आपल्या हीरो-अ‍ॅटलसचं चाकही '२८ इंच'. म्हणून मंचरच्या किंवा घोडेगावच्या दुकानातून २८ चा टायर आणला की तो बसत नाही, आणि दोष दुकानदाराला दिला जातो. खरा आकडा टायरच्या कडेचा व्यास असतो: ७००सी चा ६२२ मिलिमीटर, जुन्या इंग्लिश २७ इंचीचा ६३० आणि आपल्या काळ्या सायकलीच्या २८ बाय दीडचा ६३५. तिन्ही वेगळे, एकमेकांवर न बसणारे. टायरच्या बाजूला हा तीन आकडी नंबर असतोच. तो वाचून, रिमवरच्या नंबरशी जुळवूनच पैसे द्या.

तळेघरसारख्या ठिकाणी हे महत्त्वाचं, कारण पुढे भीमाशंकरपर्यंत ६२२ चा टायर मिळण्याची आशा धरू नका. ट्यूब, पॅच, लिव्हर आणि पंप जवळच हवा. व्हॉल्व्हही बघा. बारीक परदेशी व्हॉल्व्हसाठी रिमला साडेसहा मिलिमीटरचं भोक असतं, त्यात आपल्या वॉलट्यूबचा जाड व्हॉल्व्ह जात नाही. काही जण भोक मोठं करून घेतात. बारीक रिमला ते करू नये, तिथूनच ती तडकू शकते.

पाऊस आणि उतार

चढ जमला नाही तर माणूस उतरून चालतो. उतारावर ती सोय नाही. ऐंशीच्या आधीच्या स्वस्त सायकलींना चकचकीत क्रोमची लोखंडी रिम असते. कोरड्या दिवशी ती ठीक थांबते. ओल्या रिमवर रबर सरकतो आणि सुरुवातीच्या काही फेऱ्यांत ब्रेक लागलाय की नाही तेच कळत नाही. भीमाशंकरच्या बाजूचा पाऊस आणि धुकं माहीत असणाऱ्याला अधिक सांगायला नको. जून ते सप्टेंबर क्रोम रिमची सायकल पोखरी घाटात उतरवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. अ‍ॅल्युमिनियमची रिम आणि नवे ब्रेक रबर लावले तर गोष्ट वेगळी. चाळीस वर्षांचा मूळ रबर दिसायला शाबूत असतो, पण लाकडासारखा कडक झालेला असतो. 'ओरिजिनल आहे' म्हणून तो ठेवणं हा संग्राहकांचा वेडेपणा आहे.

तीच गोष्ट अ‍ॅल्युमिनियमच्या हँडल आणि स्टेमची. स्टील वाकून इशारा देतं, अ‍ॅल्युमिनियम बारीक तडा घेऊन वर्षानुवर्षं गप्प बसतं आणि एक दिवस तुटतं. हँडलची टेप पूर्ण काढा, जिथे स्टेम आवळलाय ती जागा पुसून टॉर्चच्या उजेडात बघा. केसासारखी रेघ दिसली तरी भाग बाद. शोकेसमध्ये ठेवा, रस्त्यावर नको.

फ्रेम आतून गंजते. सीटची नळी काढून फ्रेम उलटी केली आणि लाल भुगा पडला तर भाव निम्मा करा. भुगा नसेल तर आत तेल सोडून ठेवा, पावसाळ्याआधी दरवर्षी.

हे सगळं करणारे हात मात्र कमी होतायत. चाकाचा आऊट काढणारा, छर्रे बदलून हबचं ओव्हरऑइलिंग करणारा, कॉटर पिन न मोडता काढणारा सायकलवाला तालुक्याच्या गावात अजून सापडतो, पण त्याचा मुलगा बहुतेक मोटरसायकलच्या कामाला लागलेला असतो. शहरातल्या चकचकीत दुकानात कॉम्प्युटरवर फिटिंग करून मिळतं आणि कॉटर पिन बघितली की 'क्रँकच बदला' असं सांगतात. तेव्हा जुनी सायकल घेण्याआधी असा एक मिस्त्री शोधून ठेवा, त्याला सायकल दाखवा आणि मगच सौदा करा. त्याचा एक सल्ला हमखास असेल: उजव्या बाजूचा बॉटम ब्रॅकेटचा कप इंग्लिश आणि जपानी फ्रेमवर उलट्या आट्यांचा असतो, इटालियनवर सुलट्या. पाना लावण्याआधी फ्रेम कुठली ते त्याला नक्की सांगा.