कलमांची नोंद

कॅलिफोर्नियांतील द्राक्षमद्याच्या धंद्याचा जनक म्हणून आगोश्तोन हारास्ती ह्या हंगेरियन गृहस्थाचें नांव पुष्कळ वर्षें घेतलें गेलें. आमच्या मतें हा मान एकट्या त्याचा नव्हे. त्याच्यापूर्वींच ख्रिस्ती मठांच्या मळ्यांत 'मिशन' जातीच्या द्राक्षांचें मद्य होत असे. आणि लॉस एंजल्स येथें झां लुई व्हीन्य ह्या फ्रेंच मळेवाल्यानें आपल्या देशाचीं कलमें आणून लाविलीं होतीं. तथापि हारास्तीचें खरें कार्य ह्या पदवीहून मोलाचें आहे.

१८५७ सालीं सोनोमा खोऱ्यांत मळा करून त्यानें डोंगरउतारावर, पाटपाण्याशिवाय, द्राक्षवेल जोपासून दाखविली. दुसऱ्या वर्षीं आपला अनुभव लिहिला, तो तेथील प्रांतिक कृषिसंस्थेनें छापिला. १८६१ सालीं प्रांताच्या वतीनें तो युरोपांत हिंडला आणि शेंकडों जातींचीं एक लाखावर छाटकलमें घेऊन परतला. परंतु कायदेमंडळानें खर्चाची रक्कम नाकारली. सरकारी रोपवाटिकेंत नांवनिशीवार लावून पारखावयाचा हा ठेवा गिऱ्हाइकांच्या हातीं जाऊन पांगला.

त्याचें फळ काय झालें? पुढें 'झिनफांडेल' ही जात प्रसिद्धीस आली, तेव्हां ती आपल्या वडिलांनींच आणिली, असें हारास्तीच्या मुलानें सांगितलें, व लोकांस तें पटलें. वस्तुतः हारास्ती अमेरिकेस १८४० सालीं आला, त्यापूर्वींच ती जात पूर्व किनाऱ्यावरील रोपवाटिकांत होती. तिचें मूळ क्रोएशियांतील एका जुन्या जातींत आहे, हें २००१ सालीं आनुवंशिक परीक्षेनें ठरलें. नोंद नसल्यामुळें दंतकथेस शंभर वर्षें मोकळें रान मिळालें.

हारास्ती उधळ्या होता, असा आक्षेप कोणी घेतील. तो खोटा नाहीं. भागीदारांनीं अखेर त्यास कारभारांतून दूर केलें. परंतु पुष्कळ जाती आणाव्या, लावून पाहाव्या व अनुभव छापून शेजाऱ्यास द्यावा, ही त्याची रीत त्यामुळें हलकी ठरत नाहीं.

आमचा जन्म दप्तरांत गेला. एका चुकीच्या नोंदीपायीं भावाभावांचे तंटे चाललेले आम्हीं पाहिले आहेत. वेलीची गोष्ट निराळी नाहीं. वाचकहो, कलम घरीं येईल त्याच दिवशीं त्याची जात, ठिकाण, तारीख व ओळ वहींत लिहा. संस्थेनेंही सभासदांच्या कलमांची एक सामाईक वही ठेवावी, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.