शिस्तीआधी विचारपूस

आपल्या कॅथलिक शाळांची ओळख शिस्तीमुळे आहे आणि पालकही तीच मागतात. तथापि वर्गात उगाच चिडणारे वा गप्प बसून राहणारे मूल प्रत्येक वेळी बेशिस्तच असते काय? दारूपायी विस्कटलेले घर, आईला होणारी मारहाण, स्वतःवरील अत्याचार यांचे ओझे घेऊन कित्येक मुले शाळेत येतात. अमेरिकेत डॉ. फेलिटी, डॉ. अँडा व सहकाऱ्यांच्या १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निम्म्याहून अधिक प्रौढांनी बालपणी असा किमान एक आघात सोसल्याचे सांगितले. आघात जितके अधिक, तितकी पुढील आयुष्यात व्यसने व आजार अधिक, असेही आढळले. भयात वाढलेले मूल शिक्षेने सुधारत नाही, अधिकच मिटते.

शिक्षण हक्क कायद्याने (२००९) शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली. परंतु छडी खाली ठेवल्याने भागत नाही. तुरीनच्या निराधार मुलांना जवळ करणाऱ्या संत जॉन बॉस्को यांनी १८७७ साली आपली शिक्षणपद्धती लिहून काढली. विवेक, धर्म आणि वात्सल्य हे तिचे आधार. तिचा आजचा अर्थ असा : जाब विचारण्यापूर्वी विचारपूस, वर्गाबाहेर काढण्याऐवजी शांत होण्यास अवधी आणि अशा प्रत्येक मुलाला हक्काने बोलता येईल असा एक शिक्षक. लैंगिक अत्याचाराचे प्रकरण समजल्यास मात्र २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे; तेथे संस्थेच्या नावाची काळजी आडवी येता कामा नये.

निकालाची टक्केवारी आपण अभिमानाने फलकावर लिहितो. मध्येच शाळा सोडून गेलेल्यांची यादीही व्यवस्थापनाने एकदा समोर घ्यावी, असे आम्हांस वाटते. हरवलेल्या मेंढराचा शोध तेथूनच सुरू होईल.